भरीत पार्टीचे परीक्षक भिकनभाई

कळसाडीच्या भिकनभाई गुजरांना खोटं बोलता येत नसे. हा मोठा गुण आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी आधी भिकनभाईंच्या बायकोला विचारायला हवं होतं. तापीबाई म्हणायची, "लोकेसना घरमा तंबाखूनं व्यसन ऱ्हास, चहानं ऱ्हास. आमना घरमा खरं बोलानं व्यसन शे."

एका साली भिकनभाई सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकायला गेले. घोडी देखणी, गिऱ्हाईक खानदानी. रुमालाखाली बोटं दाबून सौदा जवळजवळ पक्का झाला आणि तेवढ्यात भिकनभाईंच्या तोंडून निघून गेलं, "बाकी सगळं बेस शे भाऊ, फक्त ही पानीले घाबरस." यात्रा भरलेली तापीच्या काठावर, आणि गिऱ्हाइकाला घोडी घेऊन जायचं होतं पैलतीरी. त्याने रुमालाखालून हात अलगद काढून घेतला. भिकनभाई घोडी घेऊन परत आले. येताना त्या गिऱ्हाइकालाही जेवायला घरी घेऊन आले.

पुतण्याला बघायला खापरहून मंडळी आली तेव्हाही तेच. "मुलगा कसा आहे?" असं विचारल्यावर कुठलाही काका सांगतो तसं त्यांनी "हिरा" म्हणून सांगितलं आणि श्वास घेऊन पुढे म्हणाले, "फक्त घोरतो. कौलं हलतात." घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावले. पण मुलीचा बाप खूश झाला. "जे घोरनं दपाडत नहीत, ते दुसरं काय दपाडतीन?" असं म्हणून त्याने तिथेच सुपारी फोडली. पुढे वर्षभराने नवी सून तापीबाईला सहज म्हणाली, कौलं काही हलत नाहीत, मांडणीवरची भांडी तेवढी वाजतात. हे ऐकून भिकनभाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. नकळत का होईना, आपल्या तोंडून खोटं गेलं!

अन्न गोड न लागणं ही त्यांच्या बाबतीत मोठी गोष्ट होती. कारण खरं बोलण्याच्या खालोखाल त्यांना दुसरं व्यसन होतं ते माणसं जेवू घालण्याचं. दोन्ही लेकी लग्न होऊन सासरी गेल्यावर घर एकदम मोठं झालं. तापीबाई सवयीने चार भाकरी जास्त थापायची आणि भिकनभाई त्या चार भाकरींना माणूस शोधायला ओट्यावर येऊन बसायचे. पोस्टमन, तलाठी, बैलांना नाल ठोकणारा, वाट चुकलेला कोणीही. एकदा तर खटल्याचं समन्स घेऊन आलेला बेलीफ जेवून, झोपून, संध्याकाळी समन्स तसंच खिशात घेऊन परत गेला.

अशा माणसाच्या नशिबात देवाने तालुक्याला कॉलेज काढून दिलं. हे बासष्ट सालचं. कॉलेज म्हणजे जिनिंगच्या जुन्या गोडाऊनात चार वर्ग आणि एक घंटा. पण त्यात आजूबाजूच्या गावांतली दीडशे पोरं आली आणि पोरं आली तशी त्यांना भूकही आली. मार्गशीर्षात थंडी पडली, वांगी टंच भरली, कापूस वेचून झालेल्या शेतांत पऱ्हाट्यांचे ढीग लागले, की खान्देशात माणसाला दुसरं काही सुचत नाही. शेतात जायचं, पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणीबरोबर मुसळाने ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची धार. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. ही भरीत पार्टी. कॉलेजच्या पोरांनी पहिल्याच वर्षी भिकनभाईंचं वावर हेरलं. गोमाई नदीजवळ, विहिरीला पाणी, निंबाची सावली, आणि मालक असा की वांगी घ्या म्हणतो आणि वर विचारतो, "इतलीच?"

त्या दिवसाची वाट भिकनभाई दिवाळीपासून बघायचे. लेकी माहेरी यायच्या तेव्हा घर भरायचं ते चार दिवस, आणि हा पाचवा. तापीबाई वरवर कुरकुरायची, पण कळणा दळून आणायची घाई तिचीच असायची.

तिसऱ्या वर्षी मात्र घोटाळा झाला. दोन पोरांनी डोंगराकडून मोहाची बाटली आणली. पहिल्याने ती पिऊन गोठ्यात जाऊन भिकनभाईंच्या बैलाला त्रिकोणमिती समजावून सांगितली. बैलाने ती शांतपणे ऐकून घेतली, हे त्याचं मोठेपण. दुसऱ्याने बांध ओलांडला आणि शेजारच्या चुनीलालभाईंच्या मळ्यातला केळीचा आख्खा हिरवा घड कापला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हा नवरदेव. घडाला उपरणं गुंडाळलं, फेटा बांधला, गाडीत उभा केला आणि डबे बडवत वरात गावातून काढली. वरात नेमकी चुनीलालभाईंच्या दारावरून गेली. ते ओट्यावर बसून दात कोरत होते. त्यांनी फेट्याखालून नवरदेव ओळखला.

चुनीलालभाई म्हणजे सरळ रेषेचा माणूस. त्यांच्या केळीच्या ओळी दोरी लावल्यासारख्या, मिशी दोरी लावल्यासारखी आणि रागही तसाच, सरळ वरपर्यंत जाणारा. दुसऱ्या दिवशी ते घड घेऊनच प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "हा तुमचा विद्यार्थी."

प्राचार्य खांबेटे पुण्याकडचे. माणूस सज्जन, पण प्रत्येक दुखण्यावर कागद हाच उपाय अशी श्रद्धा. त्यांनी दोषी पोरांना घरी पाठवलं, घडाची भरपाई दिली आणि पुढच्या हिवाळ्यात तीन दिवसांचं एक शिबिर भरवलं. नाव ठेवलं 'विद्यार्थी वर्तन व जबाबदार करमणूक शिबिर'. गावाने त्याला सुटसुटीत नाव दिलं, 'वागणुकीची शाळा'.

खांबेटे एवढ्यावर थांबले नाहीत. शिबिराचा उपयोग झाला की नाही, हे मोजायला नको? म्हणून त्यांनी ठरवलं की शिबिरानंतर एक भरीत पार्टी त्याच वावरात होईल आणि एक तटस्थ परीक्षक दहा प्रश्नांचं मूल्यमापन पत्रक भरेल. सगळे प्रश्न वाईट गोष्टींचे. दहाच्या दहा उत्तरं 'नाही' आली, तर पार्टी दरवर्षी चालू. एक जरी 'होय' आलं, तरी कॉलेजच्या पोरांनी पुन्हा कळसाडीच्या शिवेत पाय ठेवायचा नाही.

"परीक्षक कोण नेमावा?" त्यांनी चुनीलालभाईंना विचारलं. तक्रारदाराचं समाधान व्हायला हवं होतं.

"भिकन," चुनीलालभाई म्हणाले.

"पण त्यांना तर पार्टी हवी आहे. ते सगळं चांगलंच लिहितील."

"साहेब," चुनीलालभाई मिशी नीट करत म्हणाले, "त्याले पार्टी पाहिजे, हाई खरं शे. पन खोटं लिखीसन त्याले स्वर्ग भेटनार व्हई ना, तरी तो दरवाजामाच बशी ऱ्हाई."

झालं! ज्या माणसाला पार्टी सगळ्यात जास्त हवी होती, त्याच्याच हातात ती बंद करायची पेन्सिल आली.

भिकनभाईंनी जबाबदारी अशी घेतली की, जणू पोराच्या लग्नाची. परीक्षकाला अभ्यासक्रम ठाऊक हवा म्हणून ते तिन्ही दिवस शिबिराला जाऊन बसले. मराठी चौथीनंतर चाळीस वर्षांनी शाळा! धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खिशात पेन्सिल. पोरं मागच्या बाकांवर डुलक्या काढत होती, आणि भिकनभाई खताच्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर जिभेचं टोक बाहेर काढून लिहून घेत होते. व्याख्यान द्यायला धुळ्याहून एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, "आपल्या आनंदाने दुसऱ्या जिवाला त्रास होता कामा नये." भिकनभाईंनी हात वर केला.

"सर, दुसऱ्या जिवात बैल येतो का?"

"येतो."

"मग लिहितो," म्हणून त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशीचा विषय पंगत. प्राध्यापक म्हणाले, खाण्यापिण्याची सक्ती हे सगळ्या अनर्थाचं मूळ. आज पुरीची सक्ती, उद्या पेल्याची. तेव्हा समोरचा 'नको' म्हणाला की त्याच्या 'नको'चा मान राखावा. भिकनभाईंची पेन्सिल थांबली.

"सर, कितव्या 'नको'चा?"

वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत. "पहिल्या."

"पयल्या?" भिकनभाई एवढे हादरले की कागदावरची मराठी सोडून थेट अहिराणीवर आले. "सर, पयल्याच 'नको'ले वाढनारा थांबना, ते पाहुना भुक्या मरी जाई ना! पयला 'नको' ते नुसता रामराम शे."

प्राध्यापकांनी समजावलं की नव्या जमान्यात पहिला 'नको' हाच शेवटचा. भिकनभाईंना ते पटलं नाही. पण गुरू म्हणतो म्हणून लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. घरी येऊन तापीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "त्या मास्तरनं लगीन व्हयेल शे का?"

पार्टीचा दिवस उजाडला. सकाळी दहाला पोरं आली ती चक्क रांगेने. पुढे त्यांचा पुढारी धनसिंग, गळ्यात शिट्टी. हा धनसिंग गिरासे एरवी सातपुड्यासारखा आडवातिडवा पसरलेला गडी. आज मात्र इस्त्री केल्यासारखा. पोरांनी चपला निंबाखाली ओळीत लावल्या. मग एकेक जण वांग्याच्या झाडाजवळ जाऊन विचारू लागला, "काका, हे वांगं तोडू का?"

"तोड."

"काका, हे पण तोडू का?"

"तोड बाबा."

चाळीस वांग्यांना चाळीस वेळा परवानगी देऊन भिकनभाईंचा घसा बसला. तरीही ते खाटेवर ताठ बसले, मांडीवर पत्रक, कानाला पेन्सिल. चुनीलालभाई बांधापलीकडे केळीला पाणी देत होते. वास्तविक त्या दिवशी त्यांची पाण्याची पाळी नव्हती.

पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजली गेली. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाच्या तोंडाला काजळी फासली नाही. पोरं आपसात छापील मराठीत बोलत होती. "कृपया मुसळ इकडे दे." "धन्यवाद." बडगीत भरीत ठेचतानाही असं हळू ठेचत होते की जणू शेजारी कोणी आजारी आहे. भिकनभाई पत्रकाकडे बघायचे. प्रश्न एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही. पेपर सोपा चालला होता. पण असा सोपा पेपर सोडवताना त्यांच्या तोंडाची चव का गेली होती, ते त्यांना कळेना.

पंगत बसली. तापीबाई आणि तिच्या दोघी जावांनी पहाटेपासून तळलेल्या पुऱ्यांच्या तीन टोपल्या. पहिलं वाढप झालं: एकेक पुरी, एकेक डाव भरीत. पोरांनी ते असं संपवलं की पत्रावळीलाही कळलं नाही. तापीबाई दुसरी पुरी घेऊन पहिल्या पोरापुढे आली. त्याने रीतीप्रमाणे दोन्ही हात पत्रावळीवर धरले. "नको काकी, नको."

तापीबाई पुरी टाकणार, इतक्यात खाटेवरून आवाज आला, "थांब! तो 'नको' म्हणाला."

तापीबाईचा हात हवेतच राहिला. पोराचेही हात पत्रावळीवर राहिले. त्याने बोटांच्या फटीतून पुरीकडे पाहिलं. पुरी पुढे गेली.

दुसरा पोरगा. "नको काकी." पुरी पुढे. तिसरा, चौथा, पाचवा. लहानपणापासून आईने शिकवलेलं, पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, नाहीतर लोक हावरट म्हणतात. आणि प्राध्यापकांनी शिकवलेलं, पहिल्या 'नको'ला थांबायचं. चाळीस पोरं 'नको' म्हणत गेली, तापीबाई थांबत गेली आणि पुऱ्यांच्या टोपल्या भरल्याच्या भरल्या पंगतीच्या शेवटी पोचल्या. कोणालाही मागून घ्यायचं धैर्य नाही. पाहुण्याने मागून खाल्लं, तर त्याची सात पिढ्यांची अब्रू गेली! धनसिंगने शिट्टी वाजवली. पंगत उठली. चाळीस पोटांत कावळे ओरडत होते आणि चाळीस तोंडं म्हणत होती, "जेवण उत्तम झालं."

तापीबाई टोपलीजवळ मटकन बसली. "मन्हा वावरमातून पोरं एक पुरीवर उठनात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काय आपन कोनाना दिवस घाली ऱ्हायनूत का?"

 भिकनभाई विहिरीकडे बघत होते. विहिरीवर एक पोरगा, डोंगरातल्या धडगावकडून आलेला, वसतिगृहात राहणारा, ओंजळीने पाणी पीत होता. एक ओंजळ, दोन ओंजळी, तीन. तहानेचं पाणी कसं पितात आणि भुकेचं कसं पितात, हे शेतकऱ्याला दुरून कळतं.

भिकनभाईंनी पत्रक घडी करून टोपीत ठेवलं. पेन्सिल निंबाच्या बुंध्यात खोचली. आणि धोतराचा काचा मारून असे ओरडले की गोठ्यातला बैलही उठून उभा राहिला.

"बठा रे खाले! बठ्ठा बठा!"

"काका, नियम..." धनसिंग म्हणाला.

"नियम मी देखस. तू पुरी देख."

मग जे झालं त्याला पंगत म्हणत नाहीत, हल्ला म्हणतात. भिकनभाई स्वतः टोपली घेऊन निघाले. पोरगा 'नको' म्हणायला तोंड उघडायचा आणि त्याच उघड्या तोंडात पुरीचा तुकडा जायचा. कोणी हात आडवे धरले तर भिकनभाई हातांवरच भरीत वाढायचे. "आते चाट!" एकाने पोट दाखवून सांगितलं, जागा नाही. त्याला उभं करून दोनदा उडी मारायला लावली आणि झालेल्या जागेत दोन पुऱ्या बसवल्या. "तुन्ही मायनी आन शे तुले!" "मन्ही आन मोडशी का?" "एक तापीकाकीनी, एक मन्ही, एक बैलनी!" धडगावचा तो पोरगा पाचव्या पुरीनंतर हसला आणि सातव्या पुरीनंतर गाऊ लागला, त्याच्या पावरी बोलीतलं गाणं, कोणाला एक शब्द कळेना आणि सगळ्यांचे पाय हलू लागले. धनसिंगने शिट्टी गळ्यातून काढून तालावर धरली. कोणीतरी तेलाचा रिकामा डबा ओढला. छापील मराठी पऱ्हाट्यांबरोबर जळून गेली आणि सगळीकडे "काय करी ऱ्हायनास रे?" सुरू झालं.

चुनीलालभाई बांधावर येऊन उभे होते. भिकनभाईंनी त्यांना पाहिलं आणि टोपलीसकट तिकडे वळले.

"मी फक्त देखाले उनू..." चुनीलालभाई मागे सरकत म्हणाले.

"देखानी पन पुरी लागस!"

चार पुऱ्या झाल्यावर चुनीलालभाईंच्या मिशीचं एक टोक खाली आलं. ते पुन्हा सरळ करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

भिकनभाई बेसूर गात नाचले, तेही उलट्या पावलांनी, थेट हरभऱ्याच्या वाफ्यात. त्यांनी बैलाच्या तोंडात भरताचा गोळा दिला. बैलाला मिरची लागली आणि त्याने तीन शिंका दिल्या. दिवस कलला तशी पोरं जायला उठली. शिस्तीने उठली, हे खरं. पण त्यांना पोचवणाऱ्या बैलगाडीच्या जुवाची शिवळ, बैल अडकवायची खुंटी, सापडेना. शिवळीशिवाय बैल जुंपणार कसा? शोधाशोध करता करता आणखी एक फेरी पुऱ्यांची झाली आणि सूर्य केळीच्या पानांआड गेल्यावर ती शिवळ भिकनभाईंच्या कमरेला सापडली.

पोरं गेली. जाताना गाडीत कोणी नवरदेव नव्हता. वावर झाडून, राख विझवून, उरल्या वांग्यांची टोपली ओट्यावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकनभाई पत्रक घेऊन बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. दहा प्रश्न, आणि एका 'होय'ने सगळं संपणार. पुढच्या मार्गशीर्षात या निंबाखाली कोणी नसणार.

"लिखी द्या ना 'नाही' म्हनीसन," तापीबाई म्हणाली. "तुम्हले काय जास? कोन देखाले येनार शे?"

"मी देखेल शे ना."

धनसिंग सायकल मारत आला. "काका, तुम्ही काही बघितलंच नाही असं समजा."

"असं कसं समजू? मीच तर करत होतो."

दुपारपर्यंत भिकनभाईंनी पेन्सिलीला तीनदा टोक काढलं. मग देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं. नशापाणी? नाही. शेजाऱ्याच्या मळ्यास उपद्रव? नाही, शेजारी जेवला. पिकाचे नुकसान? होय, दोन हात हरभरा, मी नाचताना. जनावरास त्रास? होय, बैलास, मी भरीत दिले, तीन शिंका. कर्कश गायन? होय, मी, आवाज वाईट आहे असे बायको म्हणते. वेळेनंतर थांबणे? होय, शिवळ मी लपवली. खाण्याची सक्ती? होय, मी, सगळ्यांवर.

दहापैकी पाच 'होय'. सही करून त्यांनी पत्रक धनसिंगच्याच हाती दिलं. ते त्याने वाचलं. सायकलवर न बसता तिला हातात धरून चालत गेला.

आठ दिवस भिकनभाई ओट्यावर आले नाहीत. चार भाकरी उरू लागल्या. नवव्या दिवशी, भर दुपारी, एस.टी.ने येऊन, धूळ झटकत प्राचार्य खांबेटे स्वतः दारात उभे राहिले. हातात पत्रक.

"भिकनभाई, असं मूल्यमापन मी उभ्या हयातीत पाहिलं नाही," ते म्हणाले. "पाच 'होय' आणि पाचही तुम्हीच! पोरांनी काय केलं?"

"पोरांनी काही केलं नाही साहेब. पोरं 'नको'च म्हणत होती."

"मग त्यांनी सातसात पुऱ्या खाल्ल्या कशा? माणूस ठामपणे 'नको' म्हणाला तर त्याला कोण खायला घालू शकेल? इथे माझा निर्णय अडलाय. पोरांना मनातून हवंच होतं, असं मी समजायचं का?"

भिकनभाई विचारात पडले. त्यांच्याने खोटं सांगवेना आणि खरं सांगता येईना. "साहेब, हे सांगून समजायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "बसा दोन मिनिटं."

"मी जेवून आलोय," खांबेटे म्हणाले. ते त्यांचं पहिलं 'नको'. दुसरं, ताट पुढे आलं तेव्हा. तिसऱ्याच्या वेळी तापीबाईने विचारलं, "पुन्याकडे आई-बाप शेतस ना साहेब? त्यासनी आन." चौथ्याच्या वेळी ते हात आडवे धरायला गेले, आणि हातावर गरम भरीत आलं. त्यांनी ते चाटलं. चाटल्यावर पुण्याच्या चाळीस वर्षांच्या शिस्तीला काहीतरी झालं. त्यांनी कोटाची बटणं काढली, बाह्या वर केल्या आणि पुढचा अर्धा तास ओट्यावर फक्त पुऱ्या मोडल्याचा आवाज येत होता.

हात धुऊन त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पत्रकाच्या तळाशी लिहून मोठ्याने वाचलं: "प्रश्न क्रमांक दहामधील सक्तीचा प्राचार्यांनी दोन पुऱ्यांपर्यंत प्रत्यक्ष अनुभव घेतला..."

"साहेब," भिकनभाई अडखळत म्हणाले, "पाच झाल्या."

खांबेट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग 'दोन' खोडून 'पाच' केलं आणि पुढे वाचलं: "...सदर सक्तीस विरोध करणे विद्यार्थ्यांच्याच काय, प्राचार्यांच्याही आवाक्याबाहेरचे आहे. विद्यार्थ्यांचे वर्तन निर्दोष. विद्यार्थी उत्तीर्ण. पार्टी पुढे चालू."

"आणि मी?" भिकनभाईंनी विचारलं.

"तुम्ही साफ नापास! दहापैकी पाच गुन्हे." खांबेटे उठता उठता पुन्हा बसले, उठवत नव्हतं. "पुढच्या वर्षी शिबिराला पहिल्या बाकावर बसायचं."

नापास झाल्याचा एवढा आनंद त्या कॉलेजच्या इतिहासात कोणाला झाला नसेल. संध्याकाळी प्राचार्यांना एस.टी.त बसवून भिकनभाई परत आले ते थेट चुनीलालभाईंच्या ओट्यावर. निकाल ऐकून चुनीलालभाईंनी मिशीची दोन्ही टोकं चाचपली. मग म्हणाले, "पुढला साल बांधनं काटेरी कुंपन थोडं सरकाडी ठेवस. आठून ये-जा कराले तरास व्हस."

आषाढात पाऊस लागला तेव्हा भिकनभाईंनी वांग्याच्या रोपांचे वाफे आखले. तापीबाईने बघितलं तर दोन वाफे जास्त होते.  तिने पदर खोचला आणि रोपं लावायला वाकली.